मदत हवी आहे: भावाभावांच्या दुकानात पुतण्याचा पगार कसा ठरवायचा?

रंगपेटी
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आमचं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे. मी आणि थोरले बंधू बघतो. आता दादांचा मुलगा दुकानात यायला लागलाय, त्याला महिना ४०,००० पगार हवा. दादा म्हणतात देऊन टाक. पण आम्ही दोघंही पगार घेत नाही, लागतील तसे गल्ल्यातून उचलतो. दिवाळीच्या आत ठरवायचंय. किती द्यावा आणि कसा ठरवावा, एवढंच सांगा.

खतावणी
आकडा सगळ्यात शेवटी येतो. आधी हे सांगा: फर्म (भागीदारी) आहे की प्रोप्रायटरी (एकाच्याच मालकीचं)? करारपत्र आहे का? निव्वळ नफा किती, उधारी किती? पुतण्या काय सांभाळणार, काउंटर, खरेदी की वसुली?

रंगपेटी
भागीदारीच म्हणा, निम्मी-निम्मी. कागद केलेला नाही, कधी गरज पडली नाही. नफा १४ लाखांच्या आसपास. पोरगा काउंटरला असतो, टिंटिंग मशीन (हवी ती रंगछटा मिसळून देणारं) चालवतो. कृपया पगाराचं सांगा.

काउंटरवाला
सरळ हिशोब आहे. याच कामाला बाहेरचा माणूस तुमच्या गावात कितीला मिळेल, तो झाला मूळ पगार. वर काही द्यायचं असेल तर वसुलीवर द्या, विक्रीवर कधीच नको. विक्रीवर कमिशन लावलं की पोरगा पेंटरला उधारीवर बादल्या सोडत राहतो. महिनाअखेर विक्री फुगलेली दिसते आणि पैसा साइटवर अडकतो. ६० दिवसांच्या आत आलेल्या रकमेवर अर्धा टक्का, ९० दिवसांपुढच्या रकमेवर शून्य, असं काहीतरी लिहून ठेवा. आणि पगार खात्यात जमा करा, गल्ल्यातून नको.

सिमेंटगोणी
सिमेंट ठेवता का? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा १८ झालाय, बिलिंगमध्ये दर बदललाय ना ते बघा. जुन्या गोण्या पुढे घ्या, तीन महिन्यांवरच्या गोणीची ताकद घटते.

खतावणी
सिमेंटगोणी, मुद्दा पगाराचा आहे.
रंगपेटी, "भागीदारीच म्हणा" हे पुरेसं नाही. भागीदारी तोंडीही असू शकते, पण करार नसला की १९३२ चा कायदा लागू होतो: नफा समसमान, भागीदाराला कामाचा पगार नाही, भांडवलावर व्याज नाही, भांडवलापेक्षा जास्त घातलेल्या पैशावर फक्त ६ टक्के. म्हणजे दादा सकाळी ८ ला शटर उघडोत की दुपारी येवोत, वाटा तोच. शिवाय फर्म नोंदवलेली नसेल तर उधारी बुडवणाऱ्या ठेकेदारावर फर्मला वसुलीचा दावा लावता येत नाही. आता एक सांगा, जीएसटीच्या प्रमाणपत्रावर नाव कुणाचं आहे?

रंगपेटी
वडिलांचं. ते गेल्या वर्षी गेले. दुकान त्यांनीच उभं केलं. गाळाही त्यांच्याच नावावर आहे. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज आहे. सगळं व्यवस्थित चालू आहे. याचा पगाराशी काय संबंध?

कोर्टफी
संबंध असा की पगार देणारा मालक कोण, हेच अजून ठरलेलं नाही. आई आहेत का? बहिणी किती? मृत्युपत्र आहे का?

रंगपेटी
आई आहे. एक बहीण, लग्न झालेली. मृत्युपत्र नाही. ताई काही मागत नाही.

कोर्टफी
मागत नाही आणि सोडला, यात फार अंतर आहे. वडिलांची स्वकष्टाची मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दोघं भाऊ आणि ताई असे चार समान वाटे. लग्नाने ताईंचा वाटा जात नाही. त्यामुळे "निम्मी-निम्मी" आज तरी खरं नाही, तुमचा वाटा चौथा. ताईंशी आत्ताच बोला, आईंसमोर बोला. त्यांना हिस्सा हवा असेल तर रक्कम आणि हप्ते लिहा. खरंच नको असेल तर गाळ्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नुसत्या नोटरीच्या कागदावर गाळ्याचा हक्क सुटत नाही.

उद्योगी
एवढ्या भानगडीपेक्षा प्रायव्हेट लिमिटेड करा. शेअर वाटून टाका, पुतण्याला डायरेक्टर करा, विषय संपला.

खतावणी
उद्योगीसाहेब, १४ लाख नफ्याच्या दुकानाला कंपनी कशाला? दरवर्षी ऑडिट आलं, आरओसीचे (कंपनी निबंधकाचे) फॉर्म आले, घरखर्चाला पैसे उचलायचे तर प्रत्येक रुपया पगार की कर्ज की लाभांश ते ठरवा. गल्ल्यातून उचलायची सवय असलेल्या घराला ते झेपणार नाही. नोंदणीकृत भागीदारी पुरे.

उद्योगी
फर्मला सरळ ३० टक्के कर आणि वर सेस. त्यापेक्षा दोन प्रोप्रायटरी करा, हार्डवेअर एकाकडे, पेंट दुसऱ्याकडे. दोघांनाही १२ लाखांपर्यंतची सवलत वेगळी मिळेल.

काउंटरवाला
कागदावर छान दिसतं. गिऱ्हाईक मात्र प्रायमर, पुट्टी, ब्रश, सॅंडपेपर आणि बिजागऱ्या एकाच फेरीत घेतं. दोन बिलं, दोन गल्ले, आणि ब्रश हार्डवेअरचा की पेंटचा यावर रोज वाद. पेंट कंपनीचा डीलर कोड, टिंटिंग मशीन आणि टर्नओव्हरची स्कीम एकाच खात्याला बांधलेली असते. वर्षअखेरची क्रेडिट नोट (कंपनीने खात्यात दिलेली सूट) कुणाची, कंपनीच्या सहलीला कोण जाणार, यावरून भाऊ भांडतात. करारात लिहाच: स्कीम, सोन्याचं नाणं, सहल, सगळं फर्मचं. सहलीला एक गेला तर तिची किंमत त्याच्या उचल खात्याला (स्वतःसाठी घेतलेल्या पैशांचं खातं).

खतावणी
आणि ३० टक्के पूर्ण नफ्यावर लागत नाही. करारात लिहिलं असेल तर काम करणाऱ्या भागीदारांचा पगार आणि भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज खर्चात जातं. पगाराची मर्यादा अशी: पुस्तकी नफ्याच्या (हा पगार वजा करण्याआधीच्या) पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के यातलं जास्त, उरलेल्यावर ६० टक्के. १४ लाख धरले तर ५.४० अधिक ४.८० म्हणजे १०.२० लाख, हे सगळ्या भागीदारांचं मिळून. फर्मचा कर उरलेल्या ३.८० वर. पगार भागीदाराच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो, नफ्याच्या वाट्यावर पुन्हा कर नाही. एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा पगार आणि व्याज मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा, हे बरेच जण विसरतात.
पुतण्या भागीदार नाही, त्याचा पगार साधा खर्च. पण नातेवाइकाला बाजारभावापेक्षा फार जास्त दिलात तर अधिकारी जादाचा भाग नाकारू शकतो. ४०,००० म्हणजे वर्षाला ४.८० लाख, तुमच्या नफ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. नुसत्या काउंटरसाठी हे पटवणं अवघड आहे. खरेदी आणि वसुली त्याच्याकडे दिली तर वेगळी गोष्ट.

रंगपेटी
बरं. म्हणजे आधी काय करू? आणि गल्ल्याचं काय? वहिनी आणि माझी बायको दोघी घरचं सामानही दुकानातूनच नेतात.

काउंटरवाला
गल्ला आजपासून. सकाळी ठरलेले सुट्टे, समजा ३,०००, ठेवून सुरू करा. रात्री सुरुवातीची शिल्लक, अधिक रोख विक्री, अधिक रोख वसुली, वजा खर्च, वजा उचल, वजा बँक भरणा. आलेला आकडा आणि हातातली रोकड जुळली पाहिजे. यूपीआयची बेरीज वेगळी, आणि क्यूआर एकाच चालू खात्याचा. दादांच्या मोबाइलवर एक, तुमच्या मोबाइलवर एक, असं असेल तर आजच बंद करा. कुणीही पैसे उचलले की चिठ्ठी: तारीख, नाव, रक्कम, सही, आणि चिठ्ठी गल्ल्यातच. घरच्या सामानाला खरेदी भावाने बिल, ज्याने नेलं त्याच्या उचल खात्याला. त्या मालावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उलटवायला लागतं. तेही दर महिन्याला करा.

मशीनवाला
टिंटिंगचे नोझल रोज सकाळी साफ करून पर्ज करा (थोडा कलरंट बाहेर सोडा). कलरंट वाळलं की शेड चुकते आणि डबा गळ्यात पडतो, कारण टिंट केलेला डबा कंपनी परत घेत नाही.

खतावणी
मशीनवाले, हे मात्र कामाचं बोललात. रंगपेटी, फर्म करायच्या आधी स्टॉक मोजाल तेव्हा असे चुकलेले टिंट, साय धरलेले एनॅमल, गंजलेले खिळे वेगळे काढून उतरत्या किमतीला धरा. नाहीतर मेलेला माल भांडवल म्हणून पुस्तकात येईल आणि त्यावर व्याज वाटत बसाल. वर्षभर न हललेल्या उधारीचंही तेच.

कोर्टफी
करारात पुढची पिढीही घाला. पुतण्याला केव्हा आणि किती टक्क्यांनी आत घ्यायचं, तुमच्या मुलांनाही तोच नियम. कुणी बाहेर पडला तर किंमत कशी काढायची, किती महिन्यांत द्यायची. भागीदार मेल्यास फर्म चालू राहील असं नुसतं लिहून दोघांच्या फर्ममध्ये भागत नाही, एक गेला की फर्मच संपते.

रंगपेटी
ताईला रविवारी बोलावलंय. जीएसटीचा जुना नंबर उद्याच रद्द करायला देतो, मग फर्मचा नवीन घेतो.

खतावणी
थांबा, उलट क्रम. आधी वारसांचं लेखी ठरू द्या, मग भागीदारीपत्र, फर्मचा पॅन, नवी जीएसटी नोंदणी. मग जुन्या नोंदणीतून आयटीसी-०२ हा फॉर्म भरून उरलेलं क्रेडिट नव्यात न्या, त्याला सीएचा दाखला लागतो. जुना नंबर त्यानंतरच रद्द करायला द्या. आधी रद्द केलात तर क्रेडिट अडकेल. वडिलांच्या नावाने बिलं फाडत राहणंही बरोबर नाही, म्हणून हे याच महिन्यात उरका. आणि बँक? सीसीला गाळा तारण आहे का, जामीनदार कोण? ते अजून सांगितलं नाहीत.