मदत हवी आहे: रशियाच्या २०२१ च्या ज्युनिअर आइस हॉकी संघात तेरावा फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) कोण?

कॅनडातल्या एडमंटनच्या वर्ल्ड ज्युनिअरसाठी (२० वर्षांखालील जागतिक स्पर्धा) प्रशिक्षक इगोर लारिओनोव्ह यांचा संघ कागदावर पुन्हा मांडतोय. यादीत २५ जण; सामन्याला २ गोलरक्षक आणि २० स्केटर (बाकीचे खेळाडू). गोलपोस्टमध्ये अस्कारोव्ह, त्यावर वाद नाही. विंगवर, म्हणजे आक्रमणाच्या दोन्ही कडांना, पोद्कोल्झिन, अमिरोव्ह, चिनाखोव्ह असल्यावर चिंता कसली! घोडं अडतं ते सेंटरवर, म्हणजे मधल्या फॉरवर्डच्या जागी. खुस्नुत्दिनोव्ह आणि पोनोमार्योव्हनंतर फेसऑफला (खेळ सुरू करताना पक मिळवायच्या झटापटीला) उभं कोणाला करायचं? विंगरला मध्ये आणलं, तर आपल्या बचावाच्या झोनमध्ये तो पकमागे (रबरी चकतीमागे) धावतो आणि गोलसमोरची जागा मोकळी सोडतो. एडमंटनची रिंक जेमतेम २६ मीटर रुंद, चूक सावरायला वेळच मिळत नाही.

७ डिफेन्समन आणि १३ फॉरवर्ड धरले, तर तेरावा जादा सेंटर घ्यावा की पेनल्टी किलिंगवाला (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना बचाव करणारा) विंगर? नावासकट सांगा.