शेपटी तडकण्याबद्दल

तारेच्या सांगाड्यावर हवेत सुकणाऱ्या मातीने तुम्ही जी खवल्यांच्या प्राण्याची छोटी मूर्ती करताय, तिची शेपटी सुकली की तारेपाशी तडकते, असं तुम्ही लिहिलंय. हवेत सुकणारी माती पाणी उडालं की आकसते, आतली तार आकसत नाही, मग भेग पडणारच. दोन भाग मळून करायची एपॉक्सी पुटी घ्या. ती रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यामुळे जवळपास आकसतच नाही. सांगाड्याला दोन तारा एकमेकींत पिळा, एकेरी गुळगुळीत तारेवर पुटी गरगर फिरते. वर पातळ थर देऊन रात्रभर राहू द्या. इथे घाई अजिबात नको! खालचा थर कडक असला, तरच वर काम करताना मूर्तीची मांडी चेपत नाही.

खवल्यांसाठी मोहरीएवढ्या गोळ्या ओल्या हत्याराने दाबत जा, शेपटीच्या टोकाकडून डोक्याकडे. मग प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर कौलांसारखी बसते. मला तासन्‌तास यातच रमायला आवडतं.

रंगाचं थोडक्यात: प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून द्यायचा पहिला थर, मग ॲक्रिलिकचे पातळ थर, खाचांत गडद पातळ रंग, आणि शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने फिकी छटा फक्त उंचवट्यांवर. २८ मिलिमीटरच्या मापात, म्हणजे माणसाची मूर्ती साधारण तेवढीच उंच असते तिथे, खरी सावली पुरेशी दिसत नाही, ती रंगवावीच लागते.