केकवॉक गुंडाळलं. आता कुठं जायचं? माझं मत रीपर, तुमचं सांगा

वडगावचा पेटीवाला

बँडलॅब कंपनीने २०२५ मध्ये 'केकवॉक बाय बँडलॅब' हा गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचा प्रोग्रॅम बंद करायचं जाहीर केलं आणि त्याच्या जागी 'केकवॉक सोनार' पुढं केलं. त्याची फुकट आवृत्तीही दिली. बेळगाव-खानापूर पट्ट्यात घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणारे आपण बरेच जण केकवॉकवर बसलोय, कारण २०१८ पासून ते पूर्ण फुकट होतं आणि त्यात काही कमी नव्हतं. आता जो तो म्हणतो, 'सोनार घाला, तेच आहे.' मी म्हणतो, पैसे भरून रीपर या दुसऱ्या रेकॉर्डिंग प्रोग्रॅमवर जा, आणि मंडळांची कामं सुरू व्हायच्या आत जा.

इतिहास बघा. केकवॉकची कंपनी १९८७ ची. २००८ मध्ये कीबोर्डवाल्या रोलंडच्या हातात गेली, २०१३ मध्ये गिटारवाल्या गिब्सनच्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने काम थांबवलं. त्याच्या वर्षभर आधी ज्यांनी 'लाइफटाइम अपडेट'चे पैसे भरले होते ते बघत राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने घेतलं, फुकट वाटलं, आणि आता तेही बंद. प्रोग्रॅम चांगला होता यात वाद नाही. पण प्रत्येक नव्या मालकाच्या हिशोबात तो जोडधंदाच राहिला. गिब्सनने तर १९९८ मध्ये ऑपकोड ही दुसरी संगीत-सॉफ्टवेअरची कंपनी घेतली आणि तिचा स्टुडिओ व्हिजन प्रोग्रॅमही असाच संपला.

आणि आपलं काम कसलं? भजनी मंडळं, गणपतीची गाणी, कन्नड भक्तिगीतं, आणि सगळ्यात मोठं शिवजयंतीचं. बेळगावची चित्ररथ मिरवणूक वैशाखातली. सजीव देखाव्याचे संवाद आधी रेकॉर्ड करून गाडीवर वाजवायचे. खानाचा आवाज, तलवारींचा खणखणाट, मागं पोवाडा. पुढच्या वर्षी तेच मंडळ येतं: 'शेवटचा प्रसंग तेवढा बदला, बाकी तसंच राहू दे.' म्हणजे जुनी फाइल उघडलीच पाहिजे. रीपरची आरपीपी, म्हणजे प्रोजेक्टची फाइल, साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडा, कुठली क्लिप कितव्या सेकंदाला आहे ते वाचता येतं. उद्या रीपर बंद पडलं तरी माझं काम माझ्याकडे राहतं. सॉफ्टवेअर घेताना आत किती खेळणी आहेत यापेक्षा बाहेर पडता येतं का, हे आधी बघावं.

किंमत ६० डॉलर, वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या आत असेल तर. आपल्यापैकी कुणाची त्याच्या वर असेल तर त्यानं सगळ्यांना जेवण घालावं.

निपाणी मिक्सर

दादा, इतिहास बरोबर, निघालेला अर्थ चुकीचा. जुनी फाइल उघडली पाहिजे हे तुम्हीच म्हणता. ती उघडतं कोण? सोनारच की! रीपरला केकवॉकची सीडब्ल्यूपी फाइल कळतसुद्धा नाही. म्हणजे उद्याच्या कल्पनेतल्या संकटासाठी आज हातातलं सगळं सोडायचं?

प्रोचॅनलवर, म्हणजे केकवॉकमधल्या प्रत्येक ट्रॅकच्या आवाज सुधारायच्या पट्टीवर, ज्यांनी वर्षानुवर्षं आवाज बसवलाय त्यांनी काय करायचं? तो कंप्रेसर, तो ईक्यू केकवॉकच्या आतच असतो, दुसरीकडे प्लगइन म्हणून, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम म्हणून, घालता येत नाही. मंडळाची पोरं रात्री अकराला येणार, 'दादा, डमरू जरा वर घ्या' म्हणणार, आणि मी नव्या प्रोग्रॅममध्ये मेनू शोधत बसणार? हाताला सवय असते त्याला काही किंमत आहे की नाही?

६० डॉलर म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपये. त्यात चांगला माइक स्टँड, केबल आणि पॉप फिल्टर येतो. गिऱ्हाइकाला ते ऐकू येतं. आरपीपी फाइल कुणाला ऐकू येत नाही.

खानापूर पखवाज

दोघंही उगाच घाई करायलाय. जुनं केकवॉक चालतंय ना? मग त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढा, विंडोज १० तशीच ठेवा आणि काम करत रहा. आमच्याकडे जंगलपट्ट्यात नेट तसंही कधी असतं? पखवाजाला अपडेट लागत नाही, शाई नीट बसली की झालं.

निपाणी मिक्सर

पखवाजाला लागत नाही, केकवॉकला लागतं. ते ठराविक काळानं नेटवरून ॲक्टिव्हेशन नवं करून मागतं. मुदत संपली की उघडतं, वाजवतं, पण सेव्ह आणि एक्सपोर्ट बंद. नेट काढलं तर उलट लवकर अडकाल. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

खानापूर पखवाज

असं आहे होय. मग फुकटाला फुकट कसं म्हणायचं?

टिळकवाडी कीबोर्ड

सोनार की रीपर हा वाद घरगुती झाला. धंदा करायचा असेल तर स्टाइनबर्ग कंपनीचा क्युबेस. कोल्हापूर, पुणे, हुबळी, कुठल्याही अरेंजरला विचारा, क्युबेस नाहीतर त्याच कंपनीचा न्यूएंडो. रिदम प्रोग्रॅमिंग, मिडी (कीबोर्डवरच्या सुरांची नोंद) एडिटिंग यात स्टाइनबर्गच्या जवळ कुणी जात नाही. आपण काय वापरतो हे सांगितल्यावर समोरचा गप्प होतो, तेव्हा रेट बोलता येत नाही.

आणि 'बाहेर पडता येणं' म्हणत असाल तर क्युबेस १४ पासून काम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यायला डॅवप्रोजेक्ट फाइल निघते. बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी २०२३ मध्ये काढलेला हा खुला प्रकार. ट्रॅक, क्लिप, आवाजाची पातळी, पॅन असं बरंच काही घेऊन जाते. नोटपॅडमध्ये वाचत बसण्यापेक्षा बरं.

वडगावचा पेटीवाला

टिळकवाडी, डॅवप्रोजेक्टचा मुद्दा मान्य, चांगला आहे. पण घेणारा प्रोग्रॅमही तो वाचणारा हवा. रेटचं म्हणाल, तर भजनी मंडळाच्या अण्णांनी मला आजवर सॉफ्टवेअरचं नाव विचारलेलं नाही. ते विचारतात, 'टाळ कानाला का टोचतोय?'

क्युबेसची वरची आवृत्ती ५०० डॉलरच्या पुढं. आपल्याकडे किती क्युबेस आणि न्यूएंडो खरे आहेत हे मी इथं बोलत नाही. ज्यांच्याकडे खरं होतं त्यांनाही डोंगलची, म्हणजे लायसन्स असलेल्या यूएसबी किल्लीची, गंमत माहीत आहे: स्टाइनबर्गने ती लायसन्स सांभाळणारी जुनी ईलायसन्सर सेवा मे २०२५ मध्ये बंद केली. डोंगलवर आधीच असलेलं लायसन्स चालतं, पण डोंगल हरवला किंवा तुटला तर तो दुरुस्त करून मिळायची वाट संपली.

टिळकवाडी कीबोर्ड

नव्या आवृत्त्यांना डोंगल लागतच नाही. जुन्या भुताला किती दिवस भिणार? आणि रीपरमध्ये वाद्यं कुठायत? उघडल्यावर मोकळं घर. सतार, बासरी, स्ट्रिंग्ज सगळं बाहेरून आणा. तो खर्च धरा मग ६० डॉलर म्हणा.

वडगावचा पेटीवाला

सतार हवी तर मिरजेहून वादक येतो की, मिरज तासाभराच्या रस्त्यावर असलेलेही आहेत इथं. पण तुमचा मुद्दा खरा, कीबोर्डवर सगळं काम करणाऱ्याला रीपर रिकामं वाटेल. माझं नव्वद टक्के काम माइकसमोरचं आहे.

अनगोळच्या बाई

मी गाणं शिकवते. मुलांचे आलाप, पालकांना पाठवायचे रियाज, एखादं भावगीत एवढंच माझं रेकॉर्डिंग. तुमचं वाचून मुलं घाबरतील. ऑडॅसिटी हा साधा रेकॉर्डिंग प्रोग्रॅम का नको? फुकट आहे, कुणाच्या लहरीवर नाही, आणि ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट चालू गाण्यावर लावून ऐकता येतात, पूर्वीसारखं मूळ आवाजावर कायमचं छापावं लागत नाही.

उद्यमबाग लिनक्स

ताई, तुमच्या कामाला ऑडॅसिटी पुरेशी आहे. पण इथं जी भीती बोलली जातेय तिचं खरं उत्तर आर्डर हा रेकॉर्डिंग प्रोग्रॅम आहे. सोर्स खुला, जीपीएल लायसन्स, म्हणजे कोड कुणीही बघावा, बदलावा, वाटावा. कंपनी विकली जाणार, मालक बदलणार हा प्रश्नच नाही; कोड लोकांकडे राहतो. त्याची सेशन फाइलही एक्सएमएल, वाचता येणारी. रीपर कितीही चांगलं असलं तरी आतला कोड बंदच आहे. पेटीवाले काका अर्ध्या वाटेवर थांबले.

निपाणी मिक्सर

भावा, इंजिनीअरिंगला असशील. माइक कॉम्प्युटरला जोडायच्या इंटरफेसचा कंट्रोल पॅनल तुझ्या लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजीच्या त्या सिस्टीमवर, चालत नाही, विकत घेतलेले अर्धे प्लगइन चालत नाहीत. मंडळ दारात उभं असताना टर्मिनल उघडून बसू?

उद्यमबाग लिनक्स

आर्डर विंडोजवरही चालतं. आणि क्लास कंप्लायंट इंटरफेस लिनक्सवर सरळ लागतात, ड्रायव्हरच लागत नाही. न बघताच बोलायलाय तुम्ही.

अथणी साउंड

मी दोन्ही भाषांत काम करतो. एकाच चालीवर मराठी भजन आणि कन्नड भजन, म्युझिक एक, आवाज दोन. यल्लम्माच्या गाण्यांना तर हे नेहमीचंच. त्यामुळे गाणं झालं की मी तिथल्या तिथं सगळे ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे स्टेम, काढून ठेवतो. प्रोग्रॅम कुठला हे मला गौण वाटतं. सोनार घ्या, रीपर घ्या, क्युबेस घ्या, स्टेम नसतील तर तुम्ही अडकलातच.

पण नीट काढा. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू झाला पाहिजे, मधली शांतताही धरून, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक टाकले की आपोआप जुळतात. मोनो आवाज मोनोच काढायचा. इफेक्टसह एक संच आणि कोरा एक संच. प्रोचॅनलचा आवाज हवाय त्यांनी इफेक्टसहचा संच चुकवू नये, तो नंतर कुठंच मिळणार नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. पाच मिनिटांचं गाणं, २० ट्रॅक: ८६४ एमबी. दोन संच धरले तरी दोन जीबीच्या आत. आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही.

निपाणी मिक्सर

अण्णा, हे पटलं. पण हे मान्य केलं तर पेटीवाल्यांचा मुद्दाच पडतो. स्टेम असतील तर सोनार उद्या बंद पडलं म्हणून काय बिघडलं? फुकट आहे तोवर फुकट वापरायचं.

वडगावचा पेटीवाला

नाही पडत. स्टेममध्ये आवाज येतो, काम येत नाही. कुठल्या टेकमधली कुठली ओळ घेतली, क्रॉसफेड (दोन तुकड्यांचा सांधा) कुठं, व्हॉल्यूमचा चढउतार कसा, हे सगळं भाजून पक्कं होतं. मंडळ म्हणालं 'त्या संवादाचा दुसरा टेक होता तो लावा', तर स्टेममध्ये दुसरा टेक नसतो. म्हणून जुन्यासाठी स्टेम आणि नव्यासाठी वाचता येणारी प्रोजेक्ट फाइल, दोन्ही हवं. सोनारची फुकट आवृत्ती मीही ठेवणार आहे, पण जुनी कपाटं उघडायची किल्ली म्हणून. नवीन काम त्यात नाही.

निपाणी मिक्सर

म्हणजे दोन-दोन प्रोग्रॅम शिकायचे, दोन-दोन सांभाळायचे. मी या शिवजयंतीचं काम सोनारवरच करणार. पुढचं पुढं.

खानापूर पखवाज

मला एक सांगा. आमची दिंडीची गाणी क्लिकवर, म्हणजे ठराविक टिकटिकीवर, नसतात, पखवाज जसा चढेल तशी लय चढते. केकवॉकमध्ये मी ती लय बारनबार बसवून टेम्पो मॅप केलाय. वेव्ह काढल्या तर तो जाणार ना?

अथणी साउंड

हो, वेव्हमध्ये तो येत नाही. पण त्याच प्रोजेक्टची मिडी फाइलही काढा. टेम्पोचे सगळे बदल मिडी फाइलमध्ये लिहिलेले असतात. नव्या प्रोग्रॅममध्ये आधी ती मिडी घ्या. रीपर विचारतं टेम्पो मॅप घेऊ का, तिथं हो म्हणा. मग वेव्ह टाका. उलट क्रमानं केलं तर टेम्पो बदलताना क्लिप जागच्या हलू शकतात. आणि हे सगळं केकवॉकचं ॲक्टिव्हेशन जिवंत आहे तोवर करा, नंतर एक्सपोर्टच होणार नाही.

खानापूर पखवाज

रविवारी तिघं-चौघं आमच्याकडे या. नेट मी मोबाइलवरून देतो, हार्ड डिस्क तुम्ही आणा.

निपाणी मिक्सर

येतो. पण रीपर घालायला सांगू नका.