मदत हवी आहे : जावामधील दिएंग पठारावर बटाटा पिकवणाऱ्या गावात राहून अभ्यास करण्याबाबत

नमस्कार,

येत्या कोरड्या हंगामात मध्य जावामधील दिएंग पठारावरच्या एखाद्या लहान शेतकरी गावात काही आठवडे राहण्याचा माझा विचार आहे. इंडोनेशियात वास्तव्य केलेल्या किंवा तेथील शेतीशी आणि विद्यापीठांशी संबंध आलेल्या सभासदांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न नेमके कळावेत म्हणून आधी पार्श्वभूमी सविस्तर देतो.

मी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर, मृद्-जलसंधारणाच्या कामात आहे. हे पठार खरीप बटाट्यासाठी ओळखले जाते. आमच्याकडे पंजाबातून आलेले बेणे पावसाच्या सुरुवातीला लावतात, सरी-वरंबे शक्यतो उताराला आडवे काढावेत असा आग्रह आम्ही धरतो, आणि तरीही जोराचा पाऊस झाला की वरच्या वावरातील माती खालच्या ओढ्यात उतरलेली दिसते. दिएंगबद्दल मी वाचू लागलो तो याच कारणाने. तेथे हाच प्रश्न आहे, पण उतार कितीतरी तीव्र आणि पाऊस कितीतरी अधिक.

ज्यांना हा भाग परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिएंग हे ज्वालामुखींच्या मुखांनी वेढलेले, सुमारे २००० मीटर उंचीवरचे पठार आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच. त्याचा मध्यभाग वोनोसोबो आणि बांजारनेगारा या दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. पूर्वेकडचे दिएंग वेतान एका जिल्ह्यात, तर पश्चिमेकडचे दिएंग कुलोन दुसऱ्या जिल्ह्यात येते. जावामधील सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी काही येथे आहेत. इसवी सनाच्या सातव्या ते नवव्या शतकातील ही लहान दगडी देवळे आज अर्जुन, भीम, घटोत्कच, सुभद्रा, शिखंडी अशा महाभारतातील पात्रांच्या नावांनी ओळखली जातात, मात्र ही नावे त्यांना पुष्कळ नंतर मिळालेली आहेत. पठारावरच उगम पावणारी सेरायु नदी पश्चिमेकडे आणि मग दक्षिणेकडे वाहत हिंदी महासागराला मिळते, आणि तिच्या उगमाच्या झऱ्यालाही भीमाचेच नाव आहे. भूमीतून निघणारा वायू हे तेथील मोठे संकट आहे. २० फेब्रुवारी १९७९ रोजी पहाटे सिनिला मुखाच्या परिसरात उद्रेक झाला, घाबरून घरे सोडून निघालेले लोक वाटेतच कार्बन डायऑक्साइडच्या थरात सापडले, आणि सुमारे दीडशे माणसे दगावली.

आता मूळ मुद्दा. पूर्वी या भागात मका, तंबाखू आणि कोबी होता. १९८० च्या दशकात बटाटा आला आणि त्याने डोंगर व्यापला. ग्रानोला हा जर्मन वाण, शंभर दिवसांच्या आसपासचे पीक, आणि पाण्याची सोय असेल तेथे वर्षातून दोन-तीन वेळा लागवड, असे चक्र बसले. त्याने घरे पक्की झाली, मुले शिकली आणि अनेक शेतकरी हज यात्रेला जाऊन आले; या समृद्धीला कमी लेखणे मला मान्य नाही. परंतु उतारावरची झाडी गेली, विशेषतः १९९८ नंतरच्या राजकीय उलथापालथीच्या काळात सरकारी वनजमिनीवरही मोठी तोड झाली, आणि दिएंगची माती सेरायुच्या पाण्याबरोबर खाली बांजारनेगाराच्या म्रिचा जलाशयात साचू लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वीजनिर्मितीसाठी सुरू झालेले हे धरण गाळाने फार लवकर भरत गेले.

या साऱ्याचा दोष बहुतेक लेखांत एका गोष्टीवर ठेवलेला असतो : दिएंगचा शेतकरी वरंबे उताराच्या दिशेने, वरून खाली काढतो. छायाचित्रांत हे स्पष्ट दिसते. अख्ख्या डोंगरउतारावर सऱ्यांच्या सरळ रेषा खाली धावत येतात, बांधाच्या कडेला पपईच्या जातीतील करिका या फळाची तुरळक झाडे असतात, आणि वरंब्यांवर काळे प्लॅस्टिक अंथरलेले असते. आपल्याकडच्या पुस्तकी मापाने ही पद्धत सरळ चूक ठरते. माझे मत मात्र वेगळे आहे. कित्येक पिढ्या त्या उतारावर राबलेल्या माणसाला पाणी कोठून कोठे जाते हे कळत नसेल, हे मला पटत नाही. दिएंगमध्ये पावसाळा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो, धुके दिवसदिवस हटत नाही, आणि अशा हवेत आडव्या सरीत पाणी थांबले तर कंद कुजतो आणि करपा झपाट्याने पसरतो. उभ्या सरीने निचरा होतो आणि हाती पीक येते. माती जाते ती हळूहळू, पण पीक गेले तर त्याच हंगामाचे कर्ज अंगावर येते. हा हिशोब मला त्या शेतकऱ्यांच्याच तोंडून समजून घ्यायचा आहे, कारण तो समजल्याशिवाय तेथे काय किंवा सातगावात काय, कोणताही उपाय टिकणार नाही.

माझे प्रश्न असे आहेत.

पहिला प्रश्न मुक्कामाचा. सुमारे २३०० मीटर उंचीवरचे आणि जावामधील सर्वांत उंच म्हणवले जाणारे सेंबुंगान हे गाव मला योग्य वाटते, पण जवळच्या सिकुनिर टेकडीवर सूर्योदय पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे तेथील लोकांना शेतीच्या गप्पांना सवड असते का? की बांजारनेगाराच्या बाजूचे, बातूर तालुक्यातील एखादे गाव अधिक बरे?

दुसरा प्रश्न जमिनीच्या व्यवहाराचा, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. जावामध्ये जमीन निम्म्या वाट्याने कसण्याच्या पद्धतीला ‘मारो’ म्हणतात, हे मला माहीत आहे. दिएंगच्या बटाट्यात अशी वाटेकरी शेती आणि खंडाची शेती किती महत्त्वाची आहे, बेणे आणि कोंबडखत यांचा खर्च कोण उचलतो, आणि व्यापाऱ्याकडून उचल घेतल्यास माल त्यालाच द्यावा लागतो का, हे जाणणारे कोणी येथे असेल तर कृपया सविस्तर लिहावे. एका हंगामापुरती जमीन घेणारा माणूस दगडी ताली रचण्यात पैसा घालणार नाही, असा माझा तर्क आहे, पण तो पडताळून पाहायला हवा.

तिसरा प्रश्न हवामानाचा. जून ते ऑगस्टमध्ये तेथे ‘बुन उपास’ नावाचे दहिवर पडते. निरभ्र रात्री पारा शून्याच्या खाली जातो, पहाटे पानांवर पांढरा थर दिसतो आणि ऊन चढले की पाने करपून काळी पडतात. अर्जुन मंदिरसमूहाच्या आसपासच्या सखल, सपाट भागात थंड हवा साचून ते अधिक पडते, असे वाचनात आले. मग उतारावर शेती चढण्यामागे दहिवरापासून बचाव हेही एक कारण असेल का?

याखेरीज भाषा, परवानगी आणि शाकाहारी जेवण यांविषयीही सूचना हव्या आहेत. इंडोनेशियन भाषा मी कामचलाऊ शिकलो आहे, जावानीज मात्र येत नाही.

आगाऊ आभार.

प्रतिसाद

नमस्कार. मी बरीच वर्षे योग्यकार्तामध्ये राहत होते आणि वोनोसोबोच्या बाजूला कामानिमित्त जाणे-येणे होते, म्हणून मला ठाऊक असलेले लिहिते.

सर्वांत आधी परवानगीचे पाहा. आपण औपचारिक संशोधन करणार असाल, म्हणजे मुलाखती नोंदवून पुढे अहवाल किंवा लेख प्रसिद्ध करणार असाल, तर परदेशी व्यक्तीला ‘ब्रिन’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेचा परवाना आणि त्यासाठी तेथील एखादी सहयोगी संस्था लागते. पर्यटक व्हिसावर हे काम करू नये. योग्यकार्ताचे गाजा मादा विद्यापीठ किंवा सेरायुच्याच खोऱ्यातील पुर्वोकर्तो येथील जेंदराल सुदिर्मान विद्यापीठ, या दोन्ही ठिकाणी कृषिविद्या शाखा आहेत. तेथील मृदाशास्त्र विभागाशी पत्रव्यवहार सुरू करावा, आणि तो शक्य तितका लवकर करावा.

गावात पोचल्यावर प्रथम वस्तीच्या प्रमुखाला, म्हणजे ‘पाक एर-ते’ यांना भेटावे. पाहुण्याने चोवीस तासांच्या आत कळवावे अशी पाटी जावामधील गल्लीगल्लीत लावलेली असते आणि तिचा अर्थ अक्षरशः घ्यायचा असतो. त्यानंतर गावप्रमुखांना भेटून येण्याचे कारण सांगावे. शेतकऱ्यांशी ओळख व्हायची तर शेतकरी गट, ज्याला ‘कलोम्पोक तानी’ म्हणतात, आणि सरकारी कृषी विस्तार कर्मचारी हे दोन मार्ग चांगले. फक्त एक लक्षात ठेवा : विस्तार कर्मचाऱ्याच्या सोबतीने गेलात तर लोक उभ्या सरीविषयी पाठ केलेले उत्तर देतील. एकदा ओळख झाली की एकटे जा आणि शेताच्या कडेला बसा.

जावानीजमध्ये समोरच्याच्या वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे शब्दच बदलतात. परक्याला ते सारे जमावे अशी कोणाची अपेक्षा नसते, पण वडीलधाऱ्यांना ‘पाक’ आणि ‘बू’, तरुणांना ‘मास’ आणि ‘म्बाक’, आणि अगदी वृद्धांना ‘म्बाह’ म्हटले, शिवाय चार-दोन आदरार्थी जावानीज वाक्ये आली, की दार लवकर उघडते. तेथे ‘नाही’ असे तोंडावर कोणी म्हणत नाही. कर्जाविषयी थेट विचारले तर हसून विषय बदलला जाईल. खर्चाची आकडेमोड बायकांकडे असते असे मला अनेक घरांत दिसले, म्हणून स्वयंपाकघरातील शेकोटीजवळ बसण्याचे निमंत्रण मिळाले तर ते नाकारू नका. दिएंगच्या थंडीत सारे घर तेथेच असते.

सेंबुंगान चालेल, पण ऑगस्टमध्ये दिएंग सांस्कृतिक महोत्सव असतो. जटा असलेल्या मुलांचे केस विधिपूर्वक कापण्याचा सोहळा त्यात होतो, आणि त्या दिवसांत खोली मिळणे कठीण होते. जुलै बरा. योग्यकार्ताहून मागलांगमार्गे वोनोसोबो साधारण तीन तास आणि तेथून पुढे लहान बसने दिएंग. हा शेवटचा टप्पा दिवसा करा, कारण वाटेत भातखाचरे, मग तांबीचे चहामळे, मग तंबाखू आणि शेवटी बटाटा असा उंचीनुसार बदलत जाणारा सारा प्रदेश दिसतो. आपल्या अभ्यासाला तो उपयोगी पडेल.

जेवणाची चिंता नको. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि टोफू सर्वत्र मिळतात, वोनोसोबोची ‘टेंपे कमुल’ नावाची टेंप्याची भजी तर अवश्य खावी. ‘मी ओंगक्लोक’ नावाच्या नूडल्सच्या रश्शात मात्र सुकी कोळंबी असते आणि सोबत मांस देतात, हे आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद

धागालेखकांच्या मुख्य तर्काशी मी सहमत आहे. मृदाशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एवढीच भर घालतो की, उभी सरी की आडवी, असा टोकाचा पर्याय मांडण्याऐवजी उतारावरच्या सरीची लांबी तोडणे हा मधला मार्ग इंडोनेशियातील संशोधकांनी सुचवलेला आहे. सरी उभीच ठेवायची, पण दर काही मीटरवर तिला छेदणारा आडवा बांध आणि चर घालायचा, आणि बांधावर गवत लावायचे. निचराही होतो आणि पाण्याला वेग घ्यायला जागा उरत नाही. गवत शेळ्यांना घालता येत असेल तर शेतकरी ते राखतो, नाहीतर पुढच्या हंगामात उपटतो. तेथे गेल्यावर ज्या शेतांत असे बांध आहेत ती शेते मालकाची आहेत की वाट्याने कसलेली, एवढी नोंद जरी केलीत तरी आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येईल.

एक गंभीर सूचना. बटाट्यावरील सोनेरी पुटी सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारा सूक्ष्म किडा, इंडोनेशियात २००३ मध्ये प्रथम पूर्व जावामध्ये आढळला आणि नंतर दिएंगमध्येही सापडला. हा सूत्रकृमी भारतात निलगिरीमध्ये १९६१ पासून ठाऊक आहे आणि अलीकडे हिमाचल व उत्तराखंडातही मिळाल्याने तेथील बेण्याच्या वाहतुकीवर निर्बंध आले. त्याच्या पुट्या, म्हणजे अंडी असलेली कठीण कवचे, मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. आपण परत येऊन थेट सातगाव पठारावरच्या वावरांत उतरणार आहात. तेव्हा दिएंगमध्ये वापरलेले बूट तेथेच सोडून या, आणि बटाटा, माती किंवा अवजार सोबत मुळीच आणू नका.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताई, परवान्याचे आपण वेळेत सांगितलेत. दोन्ही विद्यापीठांना याच आठवड्यात पत्रे पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत प्रवासाची तारीख ठरवत नाही. बुटांची सूचना आमच्या गटातील सर्वांना कळवली आहे. सरीची लांबी आणि जमिनीचा ताबा यांची शेतनिहाय नोंद करण्यासाठी एक साधा तक्ता तयार करतो आणि तो येथेच मांडतो. त्यातील प्रश्न जावामधील शेतकऱ्याला अवघडल्यासारखे करणारे आहेत का, हे ताईंनी कृपया तपासून द्यावे.

दहिवराविषयीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून हवे आहे. पर्वतीय हवामानाचा अभ्यास असलेल्या किंवा निलगिरीत बटाटा केलेल्या कोणा सभासदाला सपाट तळ आणि उतार यांच्या रात्रीच्या तापमानातील फरकाविषयी, आणि तो साध्या तापमापकांनी कसा मोजावा याविषयी, सांगता येईल का?