प्रतिसाद: मूत्राशयाच्या भिंतीचा ताठरपणा

मूत्राशय फुग्यासारखा असतो आणि आजाराने तो कडक होतो, असे ज्या लेखनात म्हटले आहे त्याला हा प्रतिसाद. त्यातली फुग्याची उपमा मला पुरती पटत नाही. कारण फुगा फुगवायला दाब लागतो, तर निरोगी मूत्राशय 300 ते 400 मिलिलिटर मूत्र साठवूनही आतला दाब जेमतेम वाढू देतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्गात अडथळा आला, की भिंतीतला स्नायू आधी जाड होतो आणि पुढे स्नायुतंतूंच्या मधे कोलॅजन (चिवट तंतूंचे प्रथिन) साचत गेल्याने भिंतीची ताणली जाण्याची क्षमता घटते. मूत्र साठत असतानाच मूत्राशयातला दाब 40 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबापलीकडे राहू लागला, तर मूत्रपिंडांना धोका संभवतो. मधुमेहात मात्र (म्हणूनच ‘आजाराने मूत्राशय कडक होतो’ हे सरसकट विधान धाडसाचे वाटते) अनेकदा उलट घडते: संवेदना मंदावल्याने मूत्राशय प्रमाणाबाहेर भरत राहतो आणि हळूहळू सैलावतो.