अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ : इतिहास म्हणून कितपत ग्राह्य धरावा?

प्रश्न : वाचनालय कार्यकर्ता

आमच्या गावच्या वाचनालयात २ ऑक्टोबरला रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा १९८२ सालचा ‘गांधी’ दाखवला. तीन तासांहून मोठा चित्रपट असूनही, मध्यंतरातला चहा-चिवडा संपल्यावर फारसे कोणी उठून गेले नाही. नंतर सतरंज्या गोळा करताना नववीतल्या एका मुलीने मला विचारले, “काका, यात बाबासाहेब कुठे होते?” मी म्हणालो, “एका चित्रपटात सगळे मावत नाही.” कोणाही माणसाचे आयुष्य एका कथनात सामावत नाही, असे चित्रपटाच्या आरंभीच लिहून येते, माझे उत्तर तिथूनच उसने घेतलेले होते. मुलीने मान हलवली, पण तिचे समाधान झाले नसावे. माझे तर झालेच नाही.

पुढच्या खेळापूर्वी अर्धा तास बोलावे, असा विचार आहे. कोणते प्रसंग जसे घडले तसे आले आहेत, कुठे सोयीसाठी बदल झाले आहेत आणि कुठे खरोखरच खटकण्याजोगे काही आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : जुना प्रेक्षक

मी हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा, रांगेत उभे राहून तिकीट काढून पाहिला होता, त्यामुळे माझ्या मतात थोडे ममत्व असणार हे आधीच कबूल करतो. श्रीराम लागूंचे गोखले, रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा आणि कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी जॉन मोलो यांच्यासह केलेली वेशभूषा (त्याच कामासाठी अथय्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या), एवढ्यासाठीसुद्धा मराठी माणसाने तो पाहावा. हट्टंगडी तेव्हा पंचविशीत होत्या. तरुण कस्तुरबांपासून आगाखान पॅलेसमध्ये प्राण सोडणाऱ्या वृद्धेपर्यंतचा प्रवास त्यांनी ज्या चालीने आणि बसण्या-उठण्याने दाखवला, तो नुसत्या रंगभूषेने साधत नाही.

आता अचूकतेविषयी. पटकथेने काळ बराच आवळला आहे. जून १८९३ मध्ये पीटरमारित्झबर्ग स्थानकावर गांधींना गाडीतून उतरवले, हे खरे. मात्र त्यानंतर लगेच भारतीयांचे नोंदणी-परवाने जाळण्याचा जो प्रसंग येतो, तो प्रत्यक्षात पंधरा वर्षांनी, ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात घडला आणि दोन हजारांहून अधिक परवाने तिथे मोठ्या कढईत एकदम पेटवले गेले. चित्रपटात दिसते तशी पोलिसांनी त्या वेळी गांधींना मारहाण केलेली नाही. मार त्यांनी खाल्ला तो इतरत्र : १८९७ च्या जानेवारीत डर्बनमध्ये गोऱ्या जमावाचा आणि १९०८ च्या फेब्रुवारीत मीर आलम या पठाणाचा. तीन प्रसंगांचा ऐवज एका दृश्यात आणला, तर माझी तक्रार नाही. आपल्याकडची ऐतिहासिक नाटके याहून कितीतरी अधिक करतात आणि आपण टाळ्या वाजवतो.

उत्तर : इतिहासाची शिक्षिका

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ‘काळ आवळणे’ आणि ‘माणूस बदलणे’ या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात.

जालियनवाला बागेचा भाग विश्वासार्ह आहे. अरुंद बोळामुळे चिलखती गाड्या बाहेरच राहिल्या, इशारा न देता गोळीबार सुरू झाला, १,६५० फैरी झाडल्या गेल्या, हे सारे नोंदलेले आहे. नंतर चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरला विचारलेल्या प्रश्नांतले काही संवाद लेखकाने रचलेले आहेत, परंतु त्यांचा गाभा अस्सल आहे. वाट रुंद असती तर गाड्यांवरच्या मशीनगन चालवल्या असत्या का, हा प्रश्न प्रत्यक्षात समितीचे सदस्य आणि मुंबईचे नामवंत वकील सर चिमणलाल सेटलवाड यांनी विचारला होता आणि डायरने त्याला जवळजवळ होकारच दिला होता. मी वर्गात आधी हे प्रश्नोत्तर वाचून दाखवते आणि मग दृश्य लावते. मुले नेमकी त्या होकारापाशी थबकतात.

मिठाच्या सत्याग्रहातल्या धारासणेचे मात्र तसे नाही. मे १९३० मध्ये मिठागरावर चालून गेलेल्या सत्याग्रहींचे नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे होते. चित्रपटात तिथे मौलाना आझाद पुढे उभे दिसतात. नायडूंचे पात्र चित्रपटात असूनही हे घडावे, याचे मला आजही नवल वाटते. हकिगत जगाला कळवणारा पत्रकार वॉकर हे पात्र काल्पनिक असून त्याच्यामागे वेब मिलर हा खरा अमेरिकन वार्ताहर आहे. तो बदल क्षम्य आहे.

जिनांच्या बाबतीत चित्रपट कंजूष आहे. पंतप्रधानपद त्यांना द्यावे, ही सूचना गांधींनी एप्रिल १९४७ मध्ये केली ती माउंटबॅटन यांच्याकडे, आणि काँग्रेसच्या नेत्यांनी ती मान्य केली नाही. पडद्यावर ती थेट जिनांच्या तोंडावर, नेहरू आणि पटेल यांच्या देखत होते. त्यामुळे प्रसंग रंगतो खरा, पण नकार नेमका कोणाचा होता, हे धूसर होते.

उत्तर : येरवडेकर

मुलीच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो.

हा चित्रपट उपोषणांचा आहे. चौरीचौरानंतरचे उपोषण त्यात आहे, कलकत्त्याचे तर सविस्तर आहे. गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीही आहेत. ज्या परिषदेत आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे जिथे फक्त अस्पृश्यच आपला प्रतिनिधी निवडतील असे मतदारसंघ, मागितले, तीच ही परिषद. ते मतदारसंघ ऑगस्ट १९३२ मध्ये मंजूर झाल्यावर गांधींनी त्यांच्या विरोधात २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले आणि आंब्याच्या झाडाखाली झालेल्या वाटाघाटींनंतर २४ तारखेला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत स्वतंत्र मतदारसंघांच्या ७१ जागा जाऊन संयुक्त मतदारसंघांतल्या १४८ राखीव जागा आल्या. त्यात कोणी काय कमावले आणि काय गमावले, यावर आजही वाद होतो. एका माणसाचा प्राण पणाला लागलेला, दुसऱ्यावर साऱ्या देशाचा दबाव आणि दोघांनाही आपापली बाजू न्यायाची वाटते, असा प्रसंग कोणत्या पटकथाकाराला नको असेल? तीन तासांत तो मावला नाही, हे मला पटत नाही. मावला असता तर बाकीच्या चित्रपटाचा तोल बदलला असता. कलकत्त्यात उपोषणापुढे समोरचा माणूस शस्त्र टाकतो आणि प्रेक्षकाचे डोळे भरून येतात. येरवड्यात समोरचा माणूस निःशस्त्र होता, शोषितांच्या बाजूचा होता आणि तरीही त्यालाच माघार घ्यावी लागली.

याहून बारीक एक जागा सांगतो. कस्तुरबा शौचालय साफ करायला नकार देतात, गांधी त्यांना हाताला धरून दारापर्यंत ओढत नेतात आणि नंतर शरमतात, हे दृश्य सर्वांच्या लक्षात राहते. ते आत्मकथेतून आले आहे आणि गांधींना देव्हाऱ्यात न बसवणारे म्हणून त्याचे कौतुकही योग्य आहे. मात्र मूळ प्रसंग आश्रमातला नाही, १८९८ च्या सुमारास डर्बनच्या घरातला आहे. भांडण झाले ते घरी राहणाऱ्या एका कारकुनाच्या खोलीतल्या भांड्यावरून. तो कारकून ख्रिस्ती होता आणि पंचम, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या, आईबापांच्या पोटी जन्मलेला होता, असे गांधींनी स्वतः लिहिले आहे. चित्रपटात अस्पृश्यांचे काम हा विषय राहिला, कारकून गेला. आत्मकथेतल्या त्या प्रकरणात हा माणूस खोली घेऊन राहतो, चित्रपटात त्याला राहायला जागाच नाही. मला आंबेडकरांची अनुपस्थिती या कारकुनाच्या अनुपस्थितीहून वेगळी वाटत नाही.

उत्तर : जुना प्रेक्षक

येरवडेकर, कारकुनाचा मुद्दा माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता. मी तो प्रसंग इतक्या वेळा पाहिला, पण आत्मकथेतले ते प्रकरण शेजारी ठेवून कधी वाचले नाही. तरी एक बाजू मांडतो. ज्या परदेशी प्रेक्षकाला गांधींचे नावही धड ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी हा चित्रपट होता, आणि त्या काळी आंबेडकरांची ओळख भारताबाहेर फारच थोड्यांना होती.

उत्तर : येरवडेकर

परदेशी प्रेक्षकाचे मान्य. पण चित्रीकरण इथे झाले आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे, म्हणजे आपलेच, पैसे त्यात होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला जुलै १९७८ मध्ये आणि महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला १९७९ मध्ये. चित्रीकरण सुरू झाले ते त्यानंतर. आंबेडकर कोण, हे विचारायला फार लांब जावे लागले नसते.

उत्तर : वाचनालय कार्यकर्ता

सर्वांचे आभार. भाषणाचा बेत रद्द करतो, कारण अर्धा तास मी बोललो तर चिवडा आधीच संपेल. त्याऐवजी मध्यंतराआधी आत्मकथेतले कारकुनाचे प्रकरण वाचायचे आणि चित्रपट संपल्यावर पुणे कराराचा मजकूर, असे ठरवले आहे. करार लहान आहे, दहा मिनिटांत वाचून होतो. तो वाचशील का, असे त्या मुलीला विचारले. ती म्हणाली, “वाचीन, पण मग खाली सह्या कोणाकोणाच्या आहेत तेपण वाचणार.”