ताबा मिळताच इंटिरिअर-लोनवाल्यांचे फोन: डीएनडी असूनही का, आणि सोसायटीने काय करायचं?

कासारवडवली_बी_विंग
घोडबंदर रोडवरच्या आमच्या नव्या सोसायटीत ताबा सुरू झालाय. चावी हातात पडत नाही तोच इंटिरिअर, सेफ्टी डोअर, ग्रिल, टॉप-अप लोन असे फोन सुरू. समोरच्याला विंग आणि फ्लॅट नंबरसुद्धा ठाऊक असतो. बहुतेकांचं डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत ही नोंदणी) चालू आहे, तरी फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून येतात. एक ब्लॉक केला की दुसरा हजर. कमिटीने नेमकं काय करावं?

सिग्नल_ठाणे
डीएनडी नोंदणीकृत टेलिमार्केटरला अडवतं. त्यांचे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात. तुम्हाला छळणारे नोंदणीच न केलेले आहेत, त्यामुळे तिथे डीएनडी आपोआप काही अडवत नाही. तिथे तक्रारच करावी लागते, आणि ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांतल्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशा नंबरविरुद्ध तक्रारीसाठी डीएनडी लावलेलं असण्याचीही गरज नाही.

फोन आल्यापासून ७ दिवसांच्या आत ट्रायच्या डीएनडी ॲपवरून किंवा १९०९ वर तक्रार करा. एसएमएस करायचा तर आधी बोलण्याचा सारांश, मग स्वल्पविराम देऊन त्यांचा नंबर, परत स्वल्पविराम आणि तारीख. ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून पाठवा. मोबाइल कंपनी तुमच्या कॉल रेकॉर्डशी पडताळून बघते. सिम किंवा तारीख चुकली की तक्रार बाद.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. १० दिवसांत ५ वेगवेगळ्या ग्राहकांच्या तक्रारी एकाच पाठवणाऱ्याविरुद्ध जमल्या की कारवाईचा निकष पूर्ण होतो. पहिल्यांदा १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर सगळी कनेक्शन वर्षभरासाठी तोडतात. एकाच इमारतीत तोच माणूस शंभर घरांना फोन करत असेल तर पाच तक्रारी संध्याकाळपर्यंत होतात. ग्रुपवर फक्त त्याचा नंबर टाका. ज्यांना खरोखर फोन आला त्यांनी आपापली तक्रार करायची. नुसतं ब्लॉक करून गप्प बसलात तर तो शेजारच्या घरी फोन करतोच.

जे_फॉर्म
फ्लॅट नंबर माहीत आहे याचा अर्थ यादीच बाहेर गेली आहे. आधी गेटवरचं रजिस्टर बघा: नाव, मोबाइल, फ्लॅट असे रकाने, उघडं पान, आणि प्रत्येक सुतार, डिलिव्हरीवाला त्यावर वाकून सही करतो. मोबाइलवर फोटो काढायला किती वेळ लागतो? रहिवाशांचे नंबर त्या वहीतून काढाच. सिक्युरिटीने इंटरकॉमवरून विचारावं.

दुसरी गळती म्हणजे ताब्याच्या वेळी भरलेली एक्सेल शीट. ती ग्रुपवर फिरते आणि मग ज्याच्या त्याच्या हातात जाते. सोसायटीने नियमानुसार ठेवायच्या सभासदांच्या ‘जे’ नमुन्यातल्या यादीत नाव, पत्ता, सभासदाचा वर्ग एवढंच असतं, मोबाइलचा रकाना नाही. संपर्क यादी वेगळी ठेवा, सचिव आणि मॅनेजर एवढ्यांकडेच. बिल्डरला लेखी पत्र द्या: आमचे नंबर कोणाकोणाला दिले ते कळवा आणि पुढे देऊ नका. पोच घ्यायला विसरू नका. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. तरी पत्र आत्ताच द्या.

कासारवडवली_बी_विंग
व्हॉट्सॲपवर येणाऱ्या कॅटलॉगचं काय? आणि बँकेचे म्हणून येणारे फोन?

सिग्नल_ठाणे
व्हॉट्सॲप १९०९ च्या कक्षेत नाही, तिथल्या कॉलची तक्रार टिकत नाही. ॲपमध्येच रिपोर्ट करून ब्लॉक करा. बँका, विमा कंपन्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका आहे. साध्या मोबाइलवरून बँकेचं नाव सांगून कोणी ओटीपी किंवा केवायसी मागितलं तर लगेच ठेवून द्या आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर ‘चक्षू’ या संशयित फसवणुकीच्या विभागात नोंदवा. पैसे गेले असतील तर चक्षू नाही, थेट १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

एक सांभाळा: ‘बरं, माहिती पाठवा’ म्हणू नका. उद्या तोच माणूस म्हणेल, ग्राहकानेच चौकशी केली होती. घरात आजी-आजोबा फोन उचलत असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा.